सासऱ्यांचा चेहरा सुकेना

२ फेब्रुवारी, सांगली
सासऱ्यांचं ऑइल पेंटिंग करायचं ठरलं. जुन्या युरोपीय चित्रकारांच्या पद्धतीनं. खाली राखाडी-हिरवट चेहरा, वर रंगाचे पातळ, आरपार दिसणारे थर. एक सुकल्यावरच दुसरा. धीर लागतो. मला तो भरपूर आहे.
९ मार्चला तासगावात त्यांचं सहस्रचंद्रदर्शन, तिथंच अनावरण. सासरे म्हणजे फौजेतले निवृत्त सुभेदार हंबीरराव. लग्न ठरताना मी चित्रकार म्हटल्यावर, ते झालं, पर काम काय करता, असं विचारलेला माणूस. आता उत्तर कॅनव्हासवर.

११ फेब्रुवारी
खालचा थर उत्तम. शेजारच्या अंबूबाईंनी दारातूनच हात जोडले, कवा गेलं म्हणून विचारलं. कलेतलं कुणाला काय कळतं!

२० फेब्रुवारी
गालांवर, नाकावर पहिला लाल थर. जवसाचं तेल सुकायचं नाव घेत नाही. सारखं बोट लावून पाहतो. नाकावर ठसा उमटला. राहू दे, जिवंतपणा येतो.

२८ फेब्रुवारी
थर ओलाच.
पण आज डोकं चाललं! मेव्हणा जयराज याच्या बेदाण्याच्या शेडवर गेलो होतो. द्राक्षं डिपिंग ऑइलमध्ये बुडवून जाळीवर टाकली की भराभर सुकतात. द्राक्षं सुकतात, तर सासरे का नाही? जयराज म्हणाला, घेऊन जावा की दाजी, लय हाय. बाटली भरून आणली.

५ मार्च
उरलेले सगळे थर त्याच तेलात, एकदमच. धीर धरायला आता वेळ नाही. गाल गुलाबी, फेटा भगवा, आणि काय चकाकी! शिवांजली म्हणाली, हात लावून बघा. मी लावणार नाही. बायकोनं नवऱ्यावर विश्वास ठेवावा.

८ मार्च, दुपार
अजून चमकतंय. चमकच असणार. वर सॅटिनचं कापड ताणून बांधलं.

९ मार्च, तासगाव
सगळी भावकी जमली. सासऱ्यांनी कापड ओढलं. हलेना. फौजी माणूस, जोरात हिसका दिला. कापडाबरोबर गाल, ओठ, फेटा, सगळं निघून आलं. मागं राहिला खालचा राखाडी-हिरवट चेहरा. ओवाळणाऱ्या बायका थांबल्या. कुणीतरी तसबिरीला हार घालायला पुढं झालं, सासूबाईंनी तो हिसकावून घेतला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. सासऱ्यांनी जवळ जाऊन चित्र न्याहाळलं. मग म्हणाले, चित्र झ्याक हाय जावईबापू, पर मी हाय की अजून.

१० मार्च, सांगली
शिवांजलीनं सॅटिनचं कापड दोनदा धुतलं, रंग निघत नाही. म्हणजे पद्धतीत दोष नव्हताच.
संध्याकाळी सासऱ्यांचा फोन. जयराजच्या शेडवर माणूस कमी हाय, उद्यापास्नं द्राक्षं पसराया या, म्हणाले. काम काय करता, हे या वेळी विचारलं नाही.