एकशेचाळीस रुपयांचा शेअर

इंदूर, १४ मार्च १९९३

प्रिय शाम,

परवा कामगार कोर्टात तुला कोट-टायमध्ये पाहिलं. कॉलेजात माझ्या वह्या उतरवून पास होणारा मुलगा ऑडिटरसाहेब झाला, याचं मला केवढं कौतुक होतं. परवापर्यंत होतं.

आमच्या मिलच्या कामगारांच्या बचत फंडातल्या शेअरची किंमत एकशेचाळीस रुपये कशी धरली, असं वकिलांनी तुला विचारलं, तर तू म्हणालास, शास्त्रशुद्ध मूल्यांकन केलं. वा रे वा, शाम भिया! मला हसू आवरेना. तोंडाला पदर लावला, तर शेजारच्या सखुबाईंना वाटलं मी रडतेय. त्याच मला पाणी देऊ लागल्या. बावीस वर्षं राबल्या त्या मिलमध्ये. मिल बंद पडल्यावर फंड मागायला गेल्या, तर हातावर हेच शेअरचे कागद ठेवले.

शेअर कुठले, तर मालकांच्याच दुसऱ्या कंपनीचे. बाजारात त्यांची खरेदी-विक्री नाही, पेपरात भाव नाही. मग आज कोणी राजीखुशीनं त्याचे किती देईल, हे शोधणं तुझं काम. त्याला काय मोठी अक्कल लागत होती? बस पकडून बेटम्याला, त्या कंपनीच्या पत्त्यावर जायचं. मी गेले, पण मिल बंद झाल्यावर. पत्र्याची शेड, दाराला कुलूप, आत कोणाची तरी सोयाबीनची पोती. त्या कंपनीच्या नावावर एकच माल होता, आमच्या मिलचे शेअर! दोन दारुड्यांनी एकमेकांना धरून उभं राहावं, तसला कारभार. आणि तू पंख्याखाली कचोरी खात संचालकांचा किमतीचा दाखला फाइलला लावलास आणि सही ठोकलीस. दरवर्षी फंड फुगलेला दिसला, म्हणून वेळेवर कोणी पैसे काढून घेतले नाहीत. लाज कशी नाही वाटली रे तुला?

आई बऱ्या आहेत ना? त्यांना नमस्कार सांग. त्यांच्यासमोर हे पत्र वाचू नकोस.

आता ऐक. तो दाखला मिलच्या ऑफिसात मीच टाइप केला होता. संचालकसाहेबांनी आकड्याची जागा कोरी ठेवून मलाच विचारलं, वसुंधराजी, कितना ठीक लगेगा? शंभरला घेतलेले शंभरच दाखवले तर मरगळलेले दिसतील, दोनशे म्हटलं तर कोणी चौकशी करेल, म्हणून मी एकशेचाळीस म्हटलं. उभ्या उभ्या, हातात चहाचा कप धरून. नोकरी टिकवायची होती मला. तुझी किळस येते, पण आधी माझी येते. तू तपासणीला येणार म्हणून चार दिवस धास्तावले होते. शाम आकडा कुठून आला ते विचारणार, आणि त्याच्याशी मला खोटं बोलता येणार नाही. तू विचारलंच नाहीस. मंगळवारी मी साक्षीला उभी राहतेय. आकडा माझा होता, हे सखुबाईंसमोर सांगणार आहे. तुला ते आधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं.

तुझीच, अजून तरी,
वसुंधरा