वेगळे राहू लागल्याची तारीख

३ फेब्रुवारी, सोमवार
विचारलं! एकदाचं विचारलं!
शाळा सुटल्यावर थेट वकीलबाईंकडे. कल्याणी भागवत. आत जाऊन म्हटलं, "माझ्या एका मैत्रिणीला घटस्फोट हवाय." बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मैत्रीण शिक्षिका दिसते. बाहीला खडू लागलाय. बसा."
मेले! पण मग धडाधड सगळं विचारलं. मी कमावते, तरी पोटगी मिळते? मिळू शकते – दोघांची मिळकत, गरज बघतात. संमतीने असेल तर आपसात ठरवायचं. नको असेल तर नको. मला नकोच! माझे दागिने, माझी पुस्तकं आणि माझी सकाळ, बास.
आणि मग बाई म्हणाल्या, "अर्जाआधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं." झालं! आम्ही तर कोथरूडच्या त्याच दोन खोल्यांत.

६ फेब्रुवारी, गुरुवार
बाईंचा फोन. एका छपराखाली राहूनही वेगळं राहता येतं म्हणे! नवरा-बायको म्हणून राहत नसलात की झालं. अहो, त्यात तर आमचा हात कोणी धरणार नाही!
"बोलता का एकमेकांशी?"
"फ्रिजवर."
खरंच. अकरा वर्षं चिठ्ठ्या. सगळ्या बिस्किटांच्या डब्यात आहेत, मला लिहिलेला कागद टाकवत नाही. अभयची – "गीझर बंद केल्याने हात झिजत नाहीत." माझी – "उपमा केला आहे. आवडावा असा आग्रह नाही." वाचून दाखवल्या, तर बाईंना हसून हसून ठसका लागला.

८ फेब्रुवारी, शनिवार
शेफालीला फोन केला. वाटलं, लेक रडेल. तर म्हणते, "आई, इतकी वर्षं काय मुहूर्त शोधत होतीस?" कार्टी!

९ फेब्रुवारी, रविवार
आता एकच धाकधूक – अभय सही करेल? नाही म्हणाला तर कोर्टात म्हातारी होईन मी.
फ्रिजवर लावलं – "मला संमतीने घटस्फोट हवा आहे. मत कळवावे."

१० फेब्रुवारी, सोमवार
"चालेल. कुठे यायचं?"
चालेल!!! चौथी ब ला आज गृहपाठ नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार
कात्रजला एक खोली-स्वयंपाकघर पाहिलं. भाड्याने. ऊन थेट ओट्यावर येतं! घरमालकीण खाली किल्ली आणायला गेली तेवढ्यात एक गिरकी घेतली. चोपन्नाव्या वर्षी! अर्जानंतर सहा महिने थांबायची अटसुद्धा कोर्ट माफ करू शकतं म्हणे. देवा, होऊ दे!

१८ फेब्रुवारी, मंगळवार
दोघं बाईंकडे. त्यांनी एकेक कागद दिला. "वेगळे राहू लागल्याची तारीख लिहा. अर्जात दोघांची एकच लागते."
मला विचार कशाला करायला हवा? २३ ऑगस्ट २०१३. बाबांचं तेरावं. अभय आलाच नाही. त्या दिवसापासून माझं अंथरूण बाहेरच्या खोलीत.
अभयने लिहिलं – २१ एप्रिल २००९.
"चुकलास," म्हटलं मी. तोंडाने! फ्रिजवर नाही.
"नाही चुकलो. आई जाऊन महिना झाला होता. मी तुझ्यापाशी बसून रडत होतो. तू म्हणालीस, सरक, पेपर भिजतील."
असं मी म्हणेन? मी? मला काहीच आठवत नाही. बाई म्हणाल्या, "घरी जाऊन एक तारीख ठरवा."
रिक्षाचं भाडं अर्धं-अर्धं दिलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार
माळ्यावरून २००९ची वही काढली. २१ एप्रिल. माझंच अक्षर, सुबक –
"पाचवीचे पेपर तपासून संपवले. अभयने आंबे आणले. बाकी विशेष काही नाही."