सामुद्रधुनीच्या तोंडाशी

नारायणगुडा, हैदराबाद
८ मे

चि. रोशनीस,
सप्रेम जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

जहाजावरचे फोन कंपनीने बंद केले, म्हणून हे पत्र. तुमच्या जहाजाला पिण्याचं पाणी आणून देणारी बोट पोचवेल म्हणे. तुझी आई जाऊन महिनाअखेरीस वर्ष होतं. पुण्यानुमोदनाला सखूआत्या नांदेडहून येतेय. शेजारच्या सुशीलाबाई विचारतात, पोरगी येणार का? मी हौ म्हणून सांगतो. तू खिचडी केलीस आणि तरी जहाजावरचे सगळे धडधाकट आहेत, हे तुझ्या मागच्या पत्रात वाचून हसलो. घर फार गप्प असतं. टीव्ही चालू ठेवूनच झोपतो.

जमेल तर ये.
तुझा बाबा,
नागोराव

जहाजावरून
१७ मे

ती. बाबांस,
सप्रेम जयभीम.

आमचं तेलाचं जहाज सामुद्रधुनीच्या तोंडाशी नांगर टाकून उभं आहे. पुढची चिंचोळी वाट किनाऱ्यावरच्या देशाच्या हातात, आणि त्याच्या वैऱ्याची लढाऊ जहाजं आमच्या मागे. गोळी कोणी झाडत नाही. नुसतं अडवून ठेवायचं. तिकडे तेलाचे भाव भडकतात आणि वैरी बोलणी करायला बसतो. शेजारचं जहाज तर परवा ओढूनच नेलं.

काल कॅप्टनसाहेब म्हणाले, ज्याला घरी जायचंय त्याने बोटीत बसावं. मी बॅग भरली होती. पण जहाज हाकणारा माझ्या जोडीचा अधिकारी तापामुळे आधीच जहाज सोडून गेलाय. मीही उतरले तर वाट मोकळी झाली तरी जहाज हलवता येणार नाही, सगळेच अडकतील. बॅग रिकामी केली.

रागावलात तरी माया पातळ करू नका.
तुमची रोशनी

नारायणगुडा
२९ मे

चि. रोशनीस,
जयभीम.

रागावलो होतो. कार्यक्रम झाला. भन्तेजी आले, वंदना झाली, मेणबत्ती तुझ्याऐवजी सखूने लावली. माणसं जेवून गेली, सखूही गेली, आणि ताटं घासता घासता मला रडू आलं.

सिकंदराबादला रेल्वेत गार्ड होतो तेव्हा सिग्नलला गाडी अडली की लोक मला शिव्या द्यायचे. पण सिग्नल देणारा आपलाच माणूस होता, त्याला विचारता तरी यायचं. तुझ्या सिग्नलवाल्याला कोण विचारणार?

तू केलंस ते बरोबर केलंस. मला म्हणायला वेळ लागला.
बाबा

जहाजावरून
११ जून

ती. बाबांस,
जयभीम.

दोन्हीकडचे मंत्री कुठल्याशा तिसऱ्या देशात भेटले आणि आम्हाला सोडलं. काय ठरलं ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. फोन सुरू झालाय, पण तुमचा आवाज ऐकला तर पहाऱ्यावर उभं राहवणार नाही, म्हणून लिहितेय.

सकाळच्या चहानंतर वाटेत शिरलो आणि दुपारच्या जेवणाला पार झालो. दुर्बिणीतून किनाऱ्यावर एक बाई कपडे वाळत घालताना दिसली. एवढंसंच पाणी, बाबा. एवढ्याशा पाण्यापायी तुम्ही आईच्या फोटोपुढे एकटे बसलात.

पुढच्या बंदरात उतरतेय. तोवर जीव सांभाळा.
तुमची रोशनी