डोक्याचा उतारा

६ जानेवारी २०२५
सुटले बाई अक्कलकुव्यातून! हायवेवरच्या ट्रकांच्या भोंग्यांनी तीन वर्षं माझं डोकं खाल्लं. आता बदलीनं तापीकाठचं हे गाव. चहूकडे केळी आणि ऊस, आवाज म्हणाल तर पाखरांचा. तलाठी कार्यालयापासून चार घरांवर खोली मिळाली. मालकीणबाई रंजनाबाई, साठीच्या. दारातच "आत ये" म्हणाल्या, स्वतः खोली झाडून दिली आणि गरम भाकरी वाढली. खोलीला त्या 'उतारा' म्हणतात. मला हसू आलं. तलाठ्याला उतारा म्हणजे सातबाराच सुचणार! त्यांच्या बोलीत मुक्कामाची जागा असेल, असं मीच धरून चालले.

१४ जानेवारी
अर्धशिशी आलीच. डाव्या डोळ्यावर ठणका, फोडणीच्या वासानं उलटी. दोन गोळ्या, बंद खिडकी, ओला फडका. सगळ्या जगाला सल्ले सुचतात: पहाटे जिलेबी खा, सुंठ लावा, टेन्शन घेऊ नका. मेल्यांनो, तुमचं दुखू दे एकदा!
खोलीच्या चौकटीवर कपाळाच्या उंचीला तेलकट काळा डाग आहे. आज शेजारचे चुनीलालभाई आले, तिथं कपाळ टेकून मिनिटभर उभे राहिले आणि गुणगुणत गेले. रंजनाबाई म्हणाल्या, गावची रीत आहे.

२२ जानेवारी
महिन्यातून एकदा येणारं दुखणं आठवड्यात पाच वेळा आलं. गोळ्या पाण्यात गेल्या. मी नीट पाहिलं आहे. कोणीतरी चौकटीला कपाळ लावतं, आणि पाच मिनिटांत माझं सुरू होतं.
आज गल्लीतली नानीबाई आली, मान धरून, कण्हत. जाताना मान ताठ. तेव्हापासून माझ्या मानेत सुरी फिरते आहे. माझं कधीच मानेत दुखत नाही. हे दुखणं माझं नाही.

२९ जानेवारी
शहाद्याला डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, गोळ्या बदलल्या. दुखणं एसटीतून माझ्यासोबत गेलं आणि सोबतच परत आलं.
आता लोक कार्यालयात येतात. कागद नको, काही नको. माझ्या टेबलाला कपाळ टेकतात. मी ओरडले, शिक्के फेकले. ते हसतात. पाया पडून जातात. सगळ्या गावाचा राग येतो मला, शेंबड्या पोरापासून म्हाताऱ्यांपर्यंत.

२ फेब्रुवारी
रंजनाबाईंना धरून विचारलं. त्या मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "उतारा म्हंजे खोली नही, माणूस शे."
गावाचं डोकं एकानं वाहायचं, सगळ्यांचं दुखणं एकट्यानं सोसायचं. अकरा वर्षं त्यांनी वाहिलं. लेकीचं लग्नसुद्धा अंधाऱ्या खोलीतून ऐकलं. बाहेरगावचं माणूस उताऱ्यानं "आत ये" म्हटल्यावर उंबरा ओलांडून आलं, की सगळं त्याच्यावर उतरतं आणि आधीचा सुटतो. मला त्यांनीच बोलावलं होतं.
मी त्यांना नाही नाही ते बोलले. त्या रडल्या. "अकरा वरीस मी ऊन दखं नही, बेटा," म्हणाल्या. मला त्यांची दया आली नाही.

५ फेब्रुवारी
धाकटी बहीण दामिनी फोनवर. माझा आवाज ऐकून घाबरली. येते म्हणाली. नको म्हटलं. तीनदा नको म्हटलं. शिवीही दिली. ऐकत नाही, लहानपणापासून हट्टी. तिच्यावर हे—
नाही. तिच्यावर नाही.

६ फेब्रुवारी
सकाळपासून सात जण. एकीचं बाळंतपणानंतरचं, एकाचं दारूचं. दोन्ही बाजू. दात. बुबुळं—
अक्षर दिसत नाही.

दुपार
फाटकाची कडी वाजली. ताई म्हणून हाक. तिचाच आवाज.
परत जा म्हणायचं. एवढंच.
उंबऱ्याबाहेर थांबली आहे. चप्पल काढतेय. विचारतेय, ताई, येऊ का—
परत जा. परत— जीभ वळत नाही—
सुटेन. एका शब्दात सुटेन.
देवा, माझी सख्खी—
मी म्हणाले, दामू, आत—