घसा खरंच दुखतोय

प्रिय ताई,

चार वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस. सगळं ठीक आहे. म्हणजे घसा सोडून. या वर्षात सात वेळा टॉन्सिल्स सुजल्या. तोच ताप, तेच पांढरे ठिपके, थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी. दर वेळी गोळ्या सुरू करायच्या आणि जरा बरं वाटलं की तिसऱ्या दिवशी बंद, हा माझा शहाणपणा. डॉक्टरीणबाईंनी परवा चांगलंच फैलावर घेतलं.

बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करायचं काम अजून तेच. मागच्या आजारपणात नऊ दिवस घरी होते. परत गेल्यावर कळलं, साहेबांनी माझ्याच आवाजाची जुनी टेप लावून ठेवली होती. मी नव्हते याचा समोरच्या चहावाल्यालाही पत्ता नव्हता. घरी आले, गुळण्यांसाठी पाणी तापवलं आणि तिथेच ओट्याला टेकून रडले. लहानपणी तू माझ्या शेजारी उभी राहून मिठाच्या गुळण्या करायचीस, कुणाची जास्त वेळ चालते अशी पैज लावायचीस आणि हरायचीस. मुद्दाम हरायचीस, हे मला फार उशिरा कळलं.

आता अवघड तेवढं उरलंय. आईच्या शेवटच्या आठवड्यात मी फोनवर घोगरा आवाज काढून सांगितलं, की ताप आहे, येता येत नाही. तू एवढंच म्हणालीस, "तुझा घसा बरा वेळेवर धरतो." त्या वाक्याचा राग मी आजवर धरून बसले. पण ताई, तेव्हा घसा ठणठणीत होता. आईला तसं पाहायची हिंमत नव्हती. तू एकटीनं तिला उचललंस, पुसलंस, भरवलंस. आणि मी खोटं बोलून वर रुसलेही.

येत्या मंगळवारी टॉन्सिल्स काढणार आहेत. नंतर दहा-बारा दिवस धड बोलता येणार नाही, म्हणून हे आधी लिहितेय. दवाखान्याच्या फॉर्मवर 'सोबत येणारी व्यक्ती' अशी एक ओळ आहे. इथे कुणाचं नाव घालावं, सुचेना. तुला न विचारता तुझं घातलंय. सकाळी सातला बोलावलंय. तू आली नाहीस तर ते खोडीन, मनात काही ठेवणार नाही. आलीस, तर चार वर्षांचं जे साठलं असेल ते बोल. मला मध्ये बोलताच येणार नाही.

तुझीच,
पिपाणी