शेवंतीच्या उड्या

प्रिय मामा,

जयभीम.

हे पत्र चार महिने उशिरा लिहितोय. खोटं कशाला बोलू? तुझ्या शोकसभेत सगळे बोलले. दूध सोसायटीचा चेअरमन बोलला. ज्याचं तुझ्याशी कधी पटलं नाही, तो सेक्रेटरीसुद्धा डोळे पुसत बोलला. माझं नाव पुकारलं तेव्हा मी तुझ्या घोडीला, शेवंतीला, पाणी दाखवायचं निमित्त केलं आणि मांडवामागून सटकलो. नंतर मामीला म्हणालो, "मी नीट लिहून काढतो." मग एक वही जीपमध्ये राहिली. दुसरीत मी पेनानं घोडेच काढत बसलो. ही तिसरी.

आज बसलोय, कारण आता तुला सांगण्यासारखं काहीतरी आहे. काल तुझी शेवंती चारा छावणीतून दुधाचे दोन कॅन घेऊन सोसायटीपर्यंत गेली. मी वर बसलो होतो. आणि शेवटपर्यंत वरच होतो!

तू हसशील. हस. पण आधी सगळं ऐक.

तू गेलास तेव्हा मी जत्रेतल्या आकाशपाळण्यावर कामाला होतो. फोन केला तर तू म्हणालास, "काय न्हाई बे, जरा पित्त झालंय." पित्त! केजच्या दवाखान्यात तुझे डोळे हळदीसारखे पिवळे झालेले, आणि मला सांगतोस पित्त? मी आलो असतो ना रे. पाळणा काय, कोणीही फिरवतो. हे मी अजून विसरलेलो नाही. तुला सांगून टाकलं, आता मनात ठेवत नाही.

तू गेल्यावर दोन्ही म्हशी छावणीतच राहिल्या. घोडं तिथं घेत नाहीत, गाय-बैल-म्हैस एवढंच. म्हणून शेवंती घरी, दावणीला. दूध शेजाऱ्याच्या मोटरसायकलवरून जायला लागलं. तो कधी उठायचा, कधी नाही. उन्हात दूध नासायचं आणि सोसायटीवरून परत यायचं. मग एके दिवशी थोरले मामा ओट्यावर बसून सगळ्यांदेखत बोलले, "दुष्काळात बिनकामाचं जनावर दावणीला ठेवायचं न्हाई. महिन्याच्या आत घोडीनं दूध नेलं तर राहील. न्हाईतर बाजार."

 मामी भांडी घासत होती, घासतच राहिली. मीच उठून म्हणालो, "मी नेतो."

तुला माहीत आहे, मला घोड्यावर बसता येतं. तूच शिकवलंस. आणि शेवंती तर तुझ्या हाताखाली शहाण्या सुनेसारखी चालायची. मला वाटलं, चार दिवसांचं काम. गल्लीतून निघाली तीसुद्धा मान डोलवत. शेवटचं घर मागं पडलं, पाण्याची टाकी आली, आणि बाईनं डोकं खाली घातलं, पाठ कमानीसारखी वर केली आणि मागचे दोन्ही पाय आभाळात! मी टाकीच्या चिखलात. बरं, टाकी गळते म्हणून चिखल तरी होता.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. बरोबर टाकीपाशी, बाहेर निघालं की. घराकडं तोंड केलं की गाय.

थोरले मामा रस्त्याच्या कडेला उभे. "पडलास का उतरलास बे?"

"उतरलो मामा. जरा घाईत."

गावात एकच बोलणं सुरू झालं. म्हणे ती तुला शोधतेय. म्हणे मालकाशिवाय कुणाला बसू देणार नाही. बायका येऊन तिच्या मानेवर हात फिरवून डोळ्यांना पदर लावायच्या. मलाही भरून आलं. पण मामा, रडून काही खोगिरावर बसता येत नाही. मी खोगीर उलटंपालटं करून बघितलं, पाठ चाचपली, दात बघितले, खूर बघितले. कुठं जखम नाही, गाठ नाही. पोटावरून आवळायचा तंग तेवढा विरलेला होता. म्हटलं, तोच चावत असेल.

नवा तंग आणायला सिरसाळ्याला गेलो. तिथं एक जण रस्त्यावर बसून लोकांचे दात काढत होता, पक्कडीनं, गर्दी करून. मी तिथं दीड तास उभा. एका पैलवानानं तोंड उघडलं आणि पक्कड बघून पळालाच! चप्पल तिथंच. अजून हसू येतं... हे बघ, भरकटलो. तू असतास तर कान पिरगाळला असतास.

तर तंगाच्या दुकानात एक म्हातारा भेटला, आयुष्यभर टांगा हाकलेला. मी त्याला सगळं रामायण सांगितलं. मालक गेला, घोडी दुःखात आहे, वगैरे. त्यानं शांतपणे विचारलं, "काम काय करती?"

"सध्या काय न्हाई, चाचा. दावणीला हाय."

"किती दिवस?"

"तीन महिने झाले."

"आन खाती काय?"

"ते मामी बघती."

म्हातारा असा हसला की त्याला खोकला लागला. "आरं, सगळ्या जिल्ह्यात टँकर फिरायलेत, आन तुझी घोडी माजलीय! दुःख कसलं? घरी जा, गव्हाणीत बघ."

मग त्यानं मला सांगितलं, खाणं कमी कर, रोज मोकळ्या वाळूत लांब दोरीवर गोल फिरव, घाम येऊ दे. वर बसलास की तिला डोकं खाली घालू देऊ नको, डोकं खाली गेल्याशिवाय घोड्याला मागं उचलता येत नाही. उचलायला लागली की एका बाजूला वळव, लहान गोल. आणि हाणू नको. त्यानं तंगसुद्धा घेऊ दिला नाही, म्हणाला, जुनाच शिवून घे.

घरी आलो तर मामी गव्हाणीपाशी. सोसायटीतून म्हशींसाठी मिळतो ना मक्याचा भरडा? तो पाटी भरून शेवंतीसमोर. वर भिजवलेले हरभरे. आणि मामी तिच्याशी बोलत होती, "खा माय. मालकानं सांगितलंय तुझ्या."

मामा, तेव्हा मला आठवलं. दवाखान्यात तू शेवटचं काय बोललास, ते मामीनंच सांगितलेलं. "घोडीला उपाशी ठेवू नका." माझ्याबद्दल काही नाही, घोडीबद्दल! आणि मामीनं ते असं धरलं की सगळं गाव वाळत चाललंय, म्हशींची हाडं मोजता येतात, आणि शेवंतीच्या पाठीवर पाणी ओतलं तर थांबणार नाही इतकी ती गुळगुळीत.

"मामी, किती घालतीस?"

"दोन पाट्या. कावून?"

"सकाळी?"

"सकाळी दोन, सांजच्याला दोन."

"लई होतंय, मामी. म्हणून उड्या मारती ती. काम न्हाई, खाणं हे एवढं. तिला दुःख न्हाई, मस्ती हाय."

मामीचा चेहरा बघवेना. "गेलेल्या माणसाचा शब्द मोडू व्हय मी?"

 तरी मी बोललो. "मामा म्हणाला, उपाशी ठेवू नका. कामाशिवाय ठेवा म्हणाला का?"

 दोन दिवस मामी भाकरी ताटात टाकायची आणि निघून जायची. मला वाटलं, घोडीही गेली आणि मामीही गेली. एवढ्या दिवसांत तिला ते एकच काम तुझं म्हणून करता येत होतं, आणि तेच मी बंद करायला निघालो. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर भरड्याचं पोतं दारात, तोंड शिवलेलं. "छावणीत ने. म्हशींना घाल," म्हणाली. शेवंतीपुढं नुसता कडबा. मामी तिच्या शेजारी उभी होती आणि पाटी पालथी घातलेली.

त्यानंतर मी कोरड्या नदीच्या वाळूत उतरलो. रोज सकाळी, ऊन चढायच्या आधी. पहिले चार दिवस नुसती दोरीवर. शेवंतीच्या अंगाला फेस आणि माझ्या तळव्याला फोड. मग बसलो. पडलो एकदाच, तेही वाळूत. मामी काठावर यायची, बाभळीखाली बसायची आणि बघायची.  मीच वरून बडबडायचो, हे बघ मामी, डोकं असं वर धरायचं, हे बघ, आता वळवायचं.

आणि काल टाकीपाशी शेवंतीनं डोकं खाली घालायला सुरुवात केली. मी लगाम वर घेतला, डावीकडं एक गोल, आणखी एक गोल. कॅन खडखडले. ती फुरफुरली, आणि निघाली! पुढं छावणी, तिथून दूध घेऊन सोसायटी. वेळेत. दुधाचा थेंबसुद्धा सांडला नाही.

थोरले मामा तिथं होते. माझ्या पाठीवर थाप मारली. मग म्हणाले, "पर भाच्या, तू वाऱ्यावरचा माणूस. तू गेल्यावर ही कोण नेणार? ज्या दिवशी तू एसटीत बसशील, त्या दिवशी घोडी बाजारात."

मला राग आला. कारण खरं होतं. पाळण्यावाल्याचा फोन येऊन गेलाय, नाशिककडं चाललेत. एका जागी मी कधी टिकलोय, तू सांग?

म्हणून हे पत्र. मामा, मी तुला शब्द देतो. शेवंतीवर बसून रोज दूध नेणारं माणूस मिळेपर्यंत मी हलणार नाही. नाशिक राहू दे. पाळणा कोणीही फिरवतो, हे मघाशी मीच लिहिलंय. आणि घोडीला उपाशी ठेवणार नाही, पण माजूही देणार नाही.

आज मात्र मी छावणीत सवारी जीपनं आलो. मामी सकाळी म्हणाली, "आज तिला राहू दे घरी, मला काम हाय तिच्याशी." मी चाऱ्याला आणलेल्या उसाच्या वाढ्यांवर बसून लिहितोय, संध्याकाळच्या धारा व्हायच्यात. समोर

थांब मामा. रस्त्यावर धूळ दिसतेय. शेवंती आहे! वर कोणीतरी बसलंय, पदर कमरेला खोचलेला, दोन्ही बाजूंना रिकामे कॅन. मामी आहे, मामा! तुझी बायको! लगाम वर धरलाय, अगदी बरोबर धरलाय. छावणीतली सगळी माणसं उठून उभी राहिलीत. ती सरळ माझ्यापुढं येऊन थांबली आणि वरून ओरडतेय, "भाग्या, लिहीत काय बसलास? इकडं ये आदी. मला उतरता येत न्हाई अजून!"

तुझाच,
भाग्या