ठोक्यांवरून सांगितलेलं

आई, त्या दुपारी तू भाकरी थापत होतीस आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तुझ्याशी भांडत होते. तू गावोगाव फिरून बाळंतपणं करणारी नर्स, आणि त्याच सकाळी तू बाळंतपणाला गेलेली एक अडलेली बाई लोहाऱ्याच्या दवाखान्याच्या वाटेवर जीपमध्येच दगावली होती. तिची सासू दवाखान्याला नको म्हणत राहिली, तू समजावत राहिलीस आणि त्यातच वेळ गेला. पोटात मुलगा आहे एवढं म्हणाली असतीस तर त्यांनी तिला धावत नेलं असतं, असं मी तुला सुनावलं. तू तव्यावरची भाकरी उलटलीस. "चांगलं व्हावं म्हनून खोटं बोलायचं न्हाय, बाळा. प्रभूला तसलं चांगलं नको." तू त्या दिवशी जेवली नाहीस. मला मात्र तुझा आणि तुझ्या प्रभूचा, दोघांचाही राग आला होता.

तुझ्या माघारी आता मीही तेच काम करते. गेल्या आठवड्यात त्या दगावलेल्या बाईच्याच गावात एक सून अडली. रक्त थांबेना, जीप दारात उभी, आणि सासू म्हणते, आधीच्या दोन्ही पोरी घरातच झाल्या, हेही होईल. मी पोटाला यंत्र लावलं आणि ठोक्यांवरून मुलगा वाटतो म्हणून सांगून टाकलं. ठोक्यांवरून तसलं काही कळत नाही, हे तुला सांगायला नको. सासू लेकाकडे वळून म्हणाली, "उचल तिला. मोठ्या सिस्टरची लेक हाय ही. तिची आई कदी लबाड बोलली न्हाय."

दोघी वाचल्या. मुलगी झाली. सासू मला एका शब्दानं बोलली नाही, सुनेकडे पाठ करून बसली. मी केलं आणि भोगणार ती. पण त्याहून जास्त मला सासूचं ते वाक्य छळतं. तू खरं बोलून जी पत कमावलीस, तिच्यावरच माझं खोटं खपलं. पुढच्या खेपेला त्या गावात मी खरं सांगितलं तरी कोण ऐकणार?

हे लिहून तुझ्या बायबलात ठेवते, दुसरीकडे कुठं धाडणार? रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाचं, प्रसादाच्या भाकरीचं ताट माझ्यापर्यंत आलं. मी भाकर न घेता ते पुढं दिलं. शेजारणीला वाटलं, माझी तब्येत बरी नाही. आधी केलेल्या पापाचा पश्चात्ताप करावा आणि मगच ती भाकर घ्यावी, असं तू शिकवलंस. पण ती बाई जिवंत आहे, आई, आणि मला पश्चात्ताप होत नाही.